पुढचे बारा की मागचे त्रेचाळीस: स्प्रॉकेट आणि चेनचा हिशेब

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून काळी माती फुगली, की सोलापूरच्या आसपास ड्युअल-स्पोर्ट गाड्या (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या मोटारसायकली) चालवणाऱ्यांच्या बोलण्यात दर वर्षी एकच प्रश्न येतो: पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे इंजिनाकडचे दातेरी चक्र, एका दात्याने लहान करावे का? त्यावर बहुतेक वेळा मिळणारे उत्तर ‘करून टाक, गाडी चांगली ओढते’ एवढेच असते. उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण त्यात गाडी कुठे ओढत नव्हती याचा पत्ता नाही, महामार्गावर त्याची काय किंमत मोजावी लागेल याचा अंदाज नाही, आणि चेन किती कड्यांची लागेल याचा तर उल्लेखही नाही. माझ्या मते स्प्रॉकेटचे दाते आणि चेनची लांबी हे दोन वेगवेगळे निर्णय नाहीत. दुकानात जाण्यापूर्वी कागदावर एकत्र मांडायचे ते एकच गणित आहे, आणि त्याची सुरुवात गाडीच्या सर्वांत जास्त वेगापासून न होता सर्वांत कमी वेगापासून व्हावी लागते.

आधी आपला प्रदेश पाहू. सोलापुरातून पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो, तुळजापूर-धाराशिवकडून येऊन विजापूरकडे जाणारा ५२ जातो, आणि मंगळवेढा-सांगोल्यावरून कोल्हापूरकडे जाणारा १६६ आहे. या रस्त्यांवर गाडी तासन्‌तास एकाच वेगात चालते. तुळजापूरच्या अलीकडचा घाट सोडला तर मोठा चढ म्हणावा असा फारसा लागत नाही, आणि तो घाटही डांबरी आणि रुंद असल्याने कोणत्याही गिअरिंगची गाडी तो एक गिअर खाली आणून सहज चढते. मात्र याच महामार्गांवरून दोन किलोमीटर आत वळले की पाणंद सुरू होते. मुरमाचा उखडलेला रस्ता, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, सीना नदीच्या काठची चिकण माती, बार्शीच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवरचे सुटे दगड, आणि पावसाळ्यात वाहणारे ओढे हे सगळे एका सकाळच्या फेरीत भेटते. (नान्नजचे माळरान यात मोजू नये. ते माळढोकासाठी राखलेले अभयारण्य आहे आणि तिथे रस्ता सोडून गाडी घालू नये.) म्हणजे हिमालयात जाणाऱ्याला जसे ‘आता आठ दिवस चढच आहे’ असे समजून गाडी लावता येते, तसे इथे करता येत नाही. आपल्याला त्याच गाडीवर, त्याच दिवशी, ऐंशीच्या वेगाने साठ किलोमीटर जायचे असते आणि मग माणसाच्या चालीने सहा किलोमीटर.

या दोन गरजांमधली दुसरी गरज पूर्ण करणे कठीण असते, म्हणून निर्णय तिच्यावर व्हावा. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. ओळखीच्या ओढ्याचा काठ किंवा चाकोऱ्यांची पाणंद निवडायची, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडायचा आणि इंजिन धडधडून बंद पडण्याच्या बेताला येईपर्यंत वेग कमी करत जायचा. त्या वेगाने तो तुकडा आपल्याला निर्धास्तपणे पार करता येतो का, हे पाहायचे. येत असेल तर गिअरिंगला हात लावण्याचे कारण नाही. येत नसेल, म्हणजे प्रत्येक दगडाशी हाफ क्लच धरावा लागत असेल आणि ओढा चढून वर आल्यावर क्लच प्लेट जळाल्याचा वास येत असेल, तर पहिला गिअर आपल्या रस्त्यासाठी लांब आहे, म्हणजे त्याचा कमीत कमी वेगच जास्त आहे. उलटही घडते. काही गाड्यांचा पहिला गिअर मुळातच इतका आखूड असतो की तो लावताक्षणी दुसरा टाकावा लागतो. अशा गाडीवर पुढचा दाता कमी केला तर पहिला गिअर वाया जातो आणि चिखलात मागचे चाक पकड घेण्याऐवजी जागच्या जागी फिरत राहते.

महामार्गाची कसोटी वेगळी आहे. जूनमध्ये पुण्याच्या दिशेला जाताना पश्चिमेचा वारा समोरून अंगावर येतो. अशा वाऱ्यात, मागे सामान बांधलेले असताना, टॉप गिअरमध्ये ऐंशी-पंचाऐंशीचा वेग टिकतो का, की दर उड्डाणपुलावर खालचा गिअर घ्यावा लागतो? जर वारंवार खाली यावे लागत असेल, तर टॉप गिअर कागदावरच आहे. दोनशे सीसीच्या गाडीची ताकद समोरच्या वाऱ्यात संपते, आणि लांब गिअरिंगने वाढलेला वेग प्रत्यक्ष रस्त्यावर हाती लागत नाही. एक्सपल्स २०० च्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनाची कमाल ताकद ८,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आणि कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६,५०० आरपीएमला मिळतो. अशा इंजिनाला टॉप गिअरमध्ये पाच हजारांवर कुंथवत ठेवण्यात ना वेग आहे ना पेट्रोलची फारशी बचत. म्हणून ‘एक दाता कमी केला की टॉप स्पीड जाईल’ ही भीती लहान इंजिनाच्या गाडीबाबत बरीचशी अनाठायी असते. जातो तो टॉप स्पीड बहुधा आधीच मिळत नसतो.

खरी किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. समजा, १३ दात्यांच्या पुढच्या स्प्रॉकेटवर तुमची गाडी टॉप गिअरमध्ये ८० च्या वेगाला ६,००० आरपीएमवर चालते. पुढे १२ घातले की त्याच वेगाला ६,५०० लागतील. हे पाचशे फेरे डिसेंबरात कुणाला जाणवणारही नाहीत, पण मे महिन्यात, हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असताना, नळदुर्गपर्यंत दुपारी सलग गाडी हाणली की ऑइल अधिक तापते, हँडलला बारीक थरथर येते आणि अ‍ॅव्हरेजही थोडा उतरतो. गाडी मोडत नाही, पण चालवणारा थकतो. त्यामुळे वर्षभराचे एकच गिअरिंग ठरवण्यापेक्षा पावसाळ्याचे एक आणि बाकीच्या वर्षाचे एक असे दोन ठरवावेत, या मताला मी आलो आहे. ते कसे जमवायचे हे चेनच्या लांबीवर अवलंबून आहे, आणि तिथेच खरा हिशेब सुरू होतो.

त्याआधी गुणोत्तर समजून घेऊ. मागचे दाते भागिले पुढचे दाते म्हणजे अंतिम गुणोत्तर. ते वाढले की गाडी जास्त ओढते आणि वेग कमी होतो. हिशेबासाठी मी इथे १३ आणि ४० हे आकडे धरतो. तुमच्या स्प्रॉकेटवर दात्यांची संख्या बहुधा कोरलेली असते, नसली तर एका दात्याला खडूची खूण करून मोजावी. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढे १२ केले तर ३.३३. पुढचे १३ तसेच ठेवून मागे ४३ केले तर ३.३१. म्हणजे पुढचा एक दाता कमी करणे आणि मागचे तीन वाढवणे यांचा परिणाम जवळजवळ सारखा असतो, आणि दोन्हींत साधारण आठ टक्क्यांचा फरक पडतो. होटगी रोडवरच्या ज्या मिस्त्रींकडे मी जातो, त्यांनी हेच एका वाक्यात सांगितले होते: “साहेब, पुढचं एक काढलं की मागं तीन घातल्यागत होतंय बघा. पण पुढचं दोनशे-तीनशेत येतंय, मागचं घ्यायला गेलं की चेनबी घ्यावी लागतीय.”

आठ टक्के म्हणजे नेमके किती, हेही स्पष्ट असावे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी कमीत कमी दहाच्या वेगाने चालत असेल, तर आता ती सव्वानऊने चालेल. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण ओढ्याच्या काठावर, जिथे गाडी बंद पडणे आणि न पडणे यांतले अंतर फारच कमी असते, तिथे तेवढ्याने हाफ क्लचची वेळ पुष्कळ कमी होते. ज्यांना गाडी माणसाच्या चालीने, म्हणजे पाचच्या आसपास चालावी असे वाटते, त्यांना मात्र एका दात्याने समाधान मिळणार नाही. पुढे ११ करून ते मिळवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, आणि का टाळावा हे खाली येईलच.

दुसऱ्यांच्या गाडीचे आकडे पाहून आपले ठरवण्याची एक सवय असते, तिच्यापासूनही सावध राहावे. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ला मूळचे १५ आणि ३८ दाते आहेत, म्हणजे गुणोत्तर २.५३. कावासाकीच्या केएलआर ६५० ला १५ आणि ४३, म्हणजे २.८७. परदेशात ही गाडी कच्च्या रस्त्यावर नेणारे पुढे १४ घालतात, हेही खरे. पण यावरून ३.०८ ची आपली गाडी या दोघींपेक्षा ‘आखूड’ आहे असा निष्कर्ष निघत नाही. क्रँकपासून (इंजिनाच्या मुख्य दांड्यापासून) चाकापर्यंत प्राथमिक रिडक्शन (इंजिन आणि क्लच यांच्यामधली गिअरची घट), गिअरबॉक्सचा त्या त्या गिअरचा आकडा, स्प्रॉकेटचे गुणोत्तर आणि टायरचा घेर या चार गोष्टींचा गुणाकार होतो, आणि त्यातली एकच उचलून दोन गाड्यांची तुलना केली तर हाती काहीच येत नाही. स्वतःच्या गाडीची तुलना तिच्याच मूळ गुणोत्तराशी करावी.

टायरचा उल्लेख आलाच आहे, तर तोही हिशेबात धरावा, कारण तो पुष्कळदा विसरला जातो. १२०/८०-१८ या मापाच्या टायरचा व्यास साधारण ६४९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी कुणी १२०/९०-१८ घातला तर तो ६७३ होतो, म्हणजे गाडी पावणेचार टक्क्यांनी लांब झाली. जाड गोट्यांचा टायर घालायचा आणि त्याच वेळी पुढचा दाता कमी करायचा असे कुणी ठरवले असेल, तर दात्याने दिलेले जवळजवळ निम्मे टायरने परत घेतले, हे त्याने समजून असावे. गाडी ‘तेवढी ओढत नाही’ अशी तक्रार मग दुकानदाराकडे जाते, आणि दोष स्प्रॉकेटचा नसतो.

आता पुढचे लहान करावे की मागचे मोठे करावे, याचा निवाडा. पैशाच्या आणि कष्टाच्या दृष्टीने पुढचे सोपे आहे. चेन तीच राहते, कव्हर काढून स्प्रॉकेट बदलता येते आणि पुन्हा मूळचे घालणेही तितकेच सोपे असते. पण पुढचे लहान करण्याला यांत्रिक किंमत आहे. ४२८ च्या चेनवर (या क्रमांकाचा अर्थ पुढे येतो) १३ दात्यांच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास, म्हणजे चेनच्या पिना ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा व्यास, ५३ मिलिमीटर असतो आणि १२ चा ४९. तेवढ्याच टॉर्कला लहान व्यासावर चेनवरचा ताण आठ टक्क्यांनी वाढतो. शिवाय प्रत्येक कडी स्प्रॉकेटवर चढताना १३ ला २७.७ अंशांत वळते, १२ ला ३० अंशांत वळते. पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांची झीज या वळण्यातूनच होते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. स्प्रॉकेट खऱ्या अर्थाने गोल नसून अनेक बाजूंची आकृती असते, म्हणून ते एकसमान वेगाने फिरले तरी चेन एकसमान वेगाने सरकत नाही, दर दात्यागणिक किंचित मागेपुढे होते. हे चढउतार १५ दात्यांवर सुमारे २.२ टक्के, १३ वर २.९ आणि १२ वर ३.४ टक्के असतात. ११ वर ते चार टक्क्यांच्या पुढे जातात, कड्या आणखी तीव्र वळतात, आणि चेनची वरची बाजू स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर घासू लागते. पट्टी संपली की चेन थेट स्विंगआर्मचे धातू कापते. म्हणून ४२८ च्या चेनवर १२ ही माझ्या दृष्टीने खालची हद्द आहे. त्याहून जास्त ओढ हवी असेल तर मागे दाते वाढवावेत.

मागे वाढवण्यात चेनला आराम असतो, पण इतर प्रश्न येतात. ४० चा पिच व्यास १६२ मिलिमीटर आणि ४३ चा १७४, म्हणजे स्प्रॉकेटची कड सहा मिलिमीटरने बाहेर येते. चेन गार्डला, आणि काही गाड्यांत स्विंगआर्मवरच्या चेन गाइडला, ती लागते का हे आधी पाहावे. अ‍ॅल्युमिनियमचे स्प्रॉकेट हलके आणि दिसायला देखणे असते. पण आपल्याकडचा मुरूम आणि धूळ चेनच्या ग्रीसमध्ये मिसळली की जी घासणी तयार होते, तिच्यापुढे पोलादच टिकते. पुढचे असो वा मागचे, दुसऱ्या गाडीचे ‘बसते’ म्हणून घेताना आतल्या खाचा जुळणे पुरेसे नाही. स्प्रॉकेटची जाडी आणि ऑफसेटही (मधल्या भागापासून दाते किती आडवे सरकलेले आहेत ते अंतर) तोच हवा, नाहीतर दोन मिलिमीटरने तिरकी चालणारी चेन महिन्याभरात दात्यांच्या एका बाजूला चकाकी आणते.

चेनच्या लांबीकडे येऊ. चेनच्या क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर), इंचाच्या आठव्या भागांत. ४२८ चा पिच ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींचा ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, आणि त्यांच्यात फरक आतल्या रुंदीचा. दुकानात चेन कड्यांच्या संख्येवर मिळते, आणि ती संख्या सम असावी लागते. विषम संख्या साधायची तर अर्धी कडी बसवावी लागते, आणि मोटारसायकलच्या चेनमध्ये ती सर्वांत कमकुवत जागा ठरते. ती कुणी सुचवली तरी घेऊ नये.

किती कड्या लागतील हे काढण्याची रीत अशी आहे. दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यांमधले अंतर दुप्पट करून पिचने भागायचे. त्यात दोन्हींच्या दात्यांच्या बेरजेची निमपट मिळवायची. मग मागच्या-पुढच्या दात्यांच्या फरकाला ६.२८ ने भागून त्याचा वर्ग करायचा, त्याला पिचने गुणून मध्यांमधल्या अंतराने भागायचे आणि तेही मिळवायचे. एक उदाहरण घेऊ. मध्यांमधले अंतर ६०० मिलिमीटर आणि चेन ४२८ ची असेल, तर १३/४० साठी ९४.४९ अधिक २६.५ अधिक ०.३९, असे मिळून १२१.४ येते. वरची सम संख्या १२२. कड्या १२२ झाल्या की अ‍ॅक्सल (मागच्या चाकाचा आस) चार मिलिमीटर मागे घेऊन चेन भरेल, म्हणजे मध्यांतर ६०४ होईल. हीच १२२ कड्यांची चेन ठेवून पुढे १२ केले तर मध्यांतर ६०७ होईल, म्हणजे अ‍ॅक्सल तीन मिलिमीटर मागे जाईल. आणि १३ ठेवून मागे ४३ केले तर १२२ कड्यांना मध्यांतर ५९४ च्या आसपास आणावे लागेल, म्हणजे अ‍ॅक्सल दहा मिलिमीटर पुढे सरकवावा लागेल. अ‍ॅक्सलच्या खाचेत पुढे तेवढी जागा नसेल, किंवा टायर स्विंगआर्मच्या आडव्या पट्टीला लागत असेल आणि चिखल निघायला फट उरत नसेल, तर १२४ कड्या घ्याव्या लागतील. मग अ‍ॅक्सल मूळ जागेच्या अडीच मिलिमीटर मागे बसेल.

सूत्र कंटाळवाणे वाटत असेल तर त्यातून निघणारा एक नियम पुरेसा आहे: दोन्ही स्प्रॉकेट मिळून एका दात्याचा फरक झाला की अ‍ॅक्सल पाव पिचने सरकतो. ४२८ ला ३.२ मिलिमीटर आणि ५२० ला चार. एकूण चार दात्यांचा फरक म्हणजे दोन कड्या. हा नियम जवळपासचा आहे, पण दुकानाच्या पायरीवर उभे राहून निर्णय घेण्याइतका नेमका आहे.

नवी चेन बसवल्यावर अ‍ॅक्सल खाचेत कुठे राहील, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. चेन झिजते म्हणजे तिची लांबी वाढते. १२२ कड्यांची ४२८ ची चेन १,५४९ मिलिमीटर भरते. ती एक टक्क्याने वाढली तर साडेपंधरा मिलिमीटर वाढली, आणि ती ढिलाई काढायला अ‍ॅक्सल पावणेआठ मिलिमीटर मागे घ्यावा लागेल. म्हणून नवी चेन घालताना अ‍ॅक्सल खाचेच्या पुढच्या भागात असावा आणि मागे निदान दहा-बारा मिलिमीटर मोकळे असावेत. दोन कड्या ‘असू दे जास्त’ म्हणून ठेवल्या की अ‍ॅक्सल तब्बल एक पिच, म्हणजे साडेबारा मिलिमीटरहून जास्त मागे जातो, आणि चेन अर्धी जिंदगी जगायच्या आत खाच संपते.

आता दोन गिअरिंगांच्या कल्पनेकडे परत येतो. वरच्या हिशेबात १३ आणि १२ यांच्यातला फरक अवघा तीन मिलिमीटर आहे. म्हणजे एकाच चेनवर दोन्ही पुढची स्प्रॉकेट चालतात. नवा चेन सेट घेतानाच १२ चे एक जास्तीचे स्प्रॉकेट घेऊन ठेवायचे, मृगाला ते चढवायचे आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा १३ घालायचे. अट एवढीच की दोन्ही स्प्रॉकेट त्या चेनबरोबरच सुरुवातीपासून वापरात यावीत. झिजलेल्या चेनवर कोरे स्प्रॉकेट चढवले तर लांबलेला पिच त्याचे दाते थोड्याच दिवसांत वाकडे करतो. या मांडणीत मागचे ४० आणि १२२ कड्या कायम राहतात. सोलापूरच्या रस्त्यांसाठी, दोनशे सीसीच्या गाडीला, मला हीच मांडणी सर्वांत शहाणी वाटते. ज्यांचा महामार्ग क्वचितच येतो, जे बार्शी-वैरागच्या बाजूलाच राहतात आणि रोज शेतावर गाडी नेतात, त्यांनी सरळ ४३ आणि १२४ कड्या घेऊन मोकळे व्हावे. चेन जास्त दिवस टिकेल.

दात्यांची संख्या आणि कड्यांची संख्या यांच्यात सामाईक भाजक कमी असावा, असेही एक तत्त्व आहे. १३ दाते आणि १२२ कड्या यांना एकाशिवाय सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता कालांतराने प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज सारखी पसरते. १२ दाते आणि १२० कड्या असतील तर प्रत्येक दाता कायम त्याच दहा कड्यांना भेटत राहतो, आणि एखादी वाईट कडी एकाच दात्याला खात बसते. निर्णय यावर करू नये, पण दोन पर्याय सारखेच चांगले दिसत असतील तर हे पाहायला हरकत नाही.

मिस्त्रींच्या दुकानात चेन मोजण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. जुनी चेन रॉकेलच्या डब्यातून काढून ते ती वर्तमानपत्रावर सरळ पसरतात, तिच्या शेजारी नवी ठेवतात आणि एक टोक जुळवून दोन्ही ताणतात. कड्यांची संख्या सारखी असूनही जुनीचे दुसरे टोक नवीच्या पुढे निघते, आणि जितके निघते तितकी झीज. मग खडूने दर दहा कड्यांवर रेघ मारत ते नवी मोजतात, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी मोजायला मुलाला लावतात. घरी मोजायचे असेल तर वीस कड्यांचे माप घ्यावे. ४२८ ची नवी चेन वीस कड्यांना २५४ मिलिमीटर भरते आणि ५२० ची ३१७.५. कावासाकी आपल्या ५२० च्या चेनसाठी ३२३ ही हद्द देते, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची चेन त्याच्या थोडी आधीच बदलावी. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून पाहावी. तिथे अर्धा दाता उघडा पडत असेल तर संपूर्ण सेट बदलायची वेळ झाली आहे.

पुढच्या स्प्रॉकेटचे कव्हर उघडल्यावर आत काय साचले आहे, तेही पावसाळ्यात पाहत जावे. काळी माती आणि चेनचे ऑइल यांचा लगदा आत बसतो, ऊन पडले की विटेसारखा वाळतो, आणि चेनला बाहेर पडायला वाटच ठेवत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढताना त्याचे स्प्रॉकेटच्या आकाराचे तुकडे निघतात. १२ चे स्प्रॉकेट लहान असल्यामुळे आत थोडी जास्त जागा मिळते, हा त्याचा एक अनपेक्षित फायदा.

चेनची ढिलाई ठरवताना ड्युअल-स्पोर्टच्या लांब सस्पेन्शनचा विचार करावा लागतो. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्याभोवती वरखाली होतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. गाडी स्टँडवर असताना मागचे चाक खाली लोंबते आणि चेन आहे त्याहून ढिली दिसते. ती तिथेच घट्ट केली तर खड्ड्यात सस्पेन्शन दबताना चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर सगळा ताण टाकते. म्हणून एक-दोन जण मागे बसवून तिन्ही बिंदू एका रेषेत येतील इतके सस्पेन्शन दाबावे, त्या अवस्थेत चेनला थोडी ढिलाई आहे का पाहावे आणि मग स्टँडवर किती ढिलाई दिसते ते मोजून तो आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी मदतीला कुणी नसले तरी चालते. मॅन्युअलमधला आकडा मूळ सस्पेन्शनसाठी असतो. मागचा शॉक बदलून गाडी उंच केली असेल तर तो जसाच्या तसा लागू होत नाही. अ‍ॅक्सल सरळ आहे की नाही हे स्विंगआर्मवरच्या खुणांवर न सोडता पिव्हटपासून दोन्ही बाजूंचे अंतर टेपने मोजून पाहावे.

स्पीडोमीटरचे एवढेच पाहावे की त्याचा सेन्सर कुठे आहे. पुढच्या चाकावर असेल तर स्प्रॉकेट बदलल्याने काही फरक पडत नाही. गिअरबॉक्सवरून आकडा घेत असेल तर १२ घातल्यावर तो सुमारे आठ टक्के जास्त दाखवेल, किलोमीटरही तितकेच जास्त मोजले जातील, आणि टाकी-टू-टाकी अ‍ॅव्हरेज काढणाऱ्यांना गाडी अचानक उदार झाल्यासारखी वाटेल. गाडी वॉरंटीत असेल तर स्प्रॉकेट बदलण्यापूर्वी त्या कागदातल्या अटी वाचून घ्याव्यात.

चेन लॉक (चेनची दोन टोके जोडणारी कडी) लावताना क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे असावी, म्हणजे दगडाचा किंवा काडीचा फटका उघड्या टोकावर बसत नाही. ओ-रिंगची (पिनांवर रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर चार छोट्या रिंगा चारही जागी बसल्या आहेत ना, हे क्लिप चढवण्यापूर्वी पाहावे, आणि ती धुवायला पेट्रोल वापरू नये, कारण त्याने रबर खराब होते. नवा सेट बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये चेन थोडी बसते. तेव्हा एकदा ढिलाई पुन्हा तपासून अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळावा, आणि एक जास्तीचे चेन लॉक सीटखालच्या टूलकिटमध्ये कायम ठेवावे.